कपड्यांची लव सेप्टिक टँकमध्ये जाऊ नये म्हणून

सेप्टिक टँकमध्ये मैला कुजतो, खरकट्याचे कण काही महिन्यांत सडून जातात. कपड्यांतून सुटणाऱ्या लवेचं तसं होत नाही. पॉलिस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिकचे तंतू टँकमधल्या जिवाणूंना पचतच नाहीत. सुती तंतू पचतात, पण सावकाश, आणि तोवर रोज नवी भर पडतच असते. बाजारात मिळणाऱ्या जिवाणू पावडरीने टँक ‘साफ’ होतो असं दुकानदार सांगतात. पॉलिस्टरच्या बाबतीत त्या पावडरीचा काडीचा उपयोग नाही.

लव टँकमध्येच बसून राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते तळाशी जायला हवं. पण तंतू इतका बारीक की बसायला फार वेळ लागतो, आणि गाळातून वर येणारे वायूचे बुडबुडे त्याला पुन्हा उचलतात. असे तरंगते तंतू आउटलेटच्या टी मधून, म्हणजे टँकच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावरच्या टी आकाराच्या पाइपमधून, निघून थेट शोषखड्ड्यात जातात. तिथे पाणी मातीत मुरतं आणि तंतू मातीच्या तोंडाशी अडकतात. त्यावर साबणाचा मळ आणि जिवाणूंचा चिकट थर बसला की खड्ड्याच्या आतून नमद्यासारखं अस्तर तयार होतं. टँक गाडी बोलावून उपसता येतो. शोषखड्ड्याचं तसं नाही. त्यातलं पाणी उपसलं तरी अस्तर तिथेच राहतं, आणि शेवटी नवा खड्डा खणावा लागतो. म्हणून ही सगळी खटपट खरं तर शोषखड्डा वाचवण्यासाठी आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ सालच्या अभ्यासात ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात असं दिसलं. पॉलिस्टरचा आकडा ५ लाखांच्या घरात होता. आपल्याकडे रोजच्या वापरात पॉलिस्टर मिसळलेले कपडेच जास्त, त्यामुळे हा प्रश्न थंड देशांतल्या स्वेटरपुरता नाही.

तुमच्याकडे लव कुठवर पोचली आहे?

टँकच्या पुढे, शोषखड्ड्याच्या आधी, एक लहान चेंबर असतं. त्याचं झाकण काढा, पाच-दहा मिनिटं वारा लागू द्या आणि काठीला बांधलेल्या मगाने पाणी वर काढा. ते पारदर्शक काचेच्या बरणीत ओतून मागून टॉर्च धरा. मैल्याचे कण ठिपक्यांसारखे दिसतात. लव दिसते ती करड्या, गुंतलेल्या केसांसारखी, आणि बरणी हलवली की गोल गोल फिरते. चेंबरच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, बोटाने सोलता येईल असा करडा पापुद्रा बसलेला असेल, तर लव बरेच दिवस पुढे जात आहे असं समजा.

टँकचं झाकण उघडलंत तर वाकून आत डोकावू नका आणि काडी पेटवू नका. आत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला कळेनासा होतो, हाच त्यातला खरा धोका.

आधी हे तपासा: धुण्याचं पाणी टँकमध्ये जायलाच हवं का?

बऱ्याच घरांत उत्तर ‘नाही’ असं येतं. जुन्या घरांमध्ये मोरीचं पाणी परसात अळूला आणि केळीला जायचं, संडासाचं वेगळं. नव्या बंगल्यांत प्लंबर दोन्ही लायनी एकाच चेंबरमध्ये आणून सोडतो, कारण पाइप कमी लागतो. वॉशिंग मशीनची लाइन बाहेरच्या भिंतीवरून उतरत असेल, तर ती वेगळी काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

यात फायदा फक्त लवेपुरता नाही. पाच माणसांच्या घरासाठी आयएस २४७० या भारतीय मानकात सुचवलेला टँक १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि साधारण १ मीटर पाण्याच्या खोलीचा असतो, म्हणजे सुमारे ११२५ लिटरचा. टॉप लोड मशीनचं एक धुणं १०० लिटर धरलं, तर रविवारी सकाळी लागोपाठ पाच वेळा मशीन लावल्यावर जवळजवळ अर्धा टँक काही तासांत ढकलला जातो. गाळ बसायला जी शांतता लागते ती मिळत नाही, आणि मैलाही पाण्याबरोबर खड्ड्याकडे निघतो.

वेगळं काढलेलं पाणी कुठे सोडायचं ते जमिनीवर ठरतं. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत लहान शोषखड्डा चालतो. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने गाजवलेला, ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला जाणारा खड्डा यासाठी चांगला नमुना आहे. साधारण ४ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी आणि तिच्याभोवती दगड. गाळ मधल्या टाकीत बसतो आणि वरून झाकण काढून साफ करता येतो. साध्या दगड भरलेल्या खड्ड्यात ही सोय नसते, म्हणून तो लवेने लवकर मरतो. काळ्या जमिनीत मात्र खड्डा करू नका. ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी घेत नाही. तिथे पाणी केळी, अळू, नारळ यांच्या आळ्यांत आलटून पालटून सोडलेलं बरं. कोथिंबीर-मेथीसारख्या पाल्याला हे पाणी नको. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियममुळे माती चिकट आणि कडक होते, त्यामुळे एकच जागा वर्षभर भिजवू नका.

विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर हवा. कोकणात आणि गोव्यात घर, विहीर आणि खड्डा हे तिन्ही एकाच छोट्या कुंपणात असतात, तिथे हे अंतर टेपने मोजा, अंदाजाने धरू नका.

पाणी वेगळं काढलं तरी लव अडवावी लागतेच, नाहीतर नवा खड्डाही त्याच वाटेने जातो. आणि वेगळं काढणं शक्यच नसेल, तर पुढचं सगळं अधिकच गरजेचं.

मशीनमध्येच कमी लव सुटेल असं करा

टॉप लोड मशीनच्या ड्रममध्ये बाजूला जाळीची पिशवी किंवा खाचांचा प्लास्टिकचा फिल्टर असतो. तो प्रत्येक धुण्यानंतर रिकामा करा. पिशवी भरली की पाणी तिच्यातून जात नाही, बाजूने जातं, आणि फिल्टर असूनही नसल्यासारखाच. जाळी फाटली असेल तर नवी पिशवी मॉडेल नंबर सांगून घ्या, सुई-दोऱ्याने शिवलेली टिकत नाही. फ्रंट लोडमध्ये खाली कोपऱ्यात जे गोल झाकण असतं, तो पंपाचा फिल्टर. तो नाणी, बटणं आणि केसपिना अडवतो. बारीक लव त्यातून सरळ निघून जाते, म्हणून फ्रंट लोडवाल्यांना बाहेरचा फिल्टर लागतोच.

टर्किश टॉवेल, फ्लॅनेल, गोधड्या आणि नव्या चादरी सर्वांत जास्त लव सोडतात. सोलापुरी टॉवेल आणि चादर नवी असताना पहिली दोन-तीन धुणी बाहेर दगडावर किंवा टबात करा आणि पाणी झाडाला घाला. टँकमध्ये जाणारी बरीच लव एवढ्यानेच टळते.

मशीन अर्धं रिकामं ठेवून चालवलं की कपडे एकमेकांवर जास्त आपटतात आणि पाणीही प्रमाणाबाहेर घेतलं जातं. दोन्हींमुळे तंतू जास्त सुटतात. भरलेलं मशीन, थंड पाणी, लहान सायकल हे सगळ्यात कमी लव सोडणारं धुणं. खिशात राहिलेला टिश्यू पेपर किंवा बसचं तिकीट तपासा, कारण त्याचा लगदा लवेला गोंदासारखा धरून ठेवतो.

पावडर मापाने घाला. बोअरवेलचं पाणी जड असेल तर लोक साबण वाढवतात, आणि जड पाण्यात वडीच्या साबणाचा पांढरा साका होतो. हाच साका लवेबरोबर जाळीवर बसून तिला बुजवतो. अशा ठिकाणी लिक्विड डिटर्जंट वापरलेलं परवडतं.

मोज्याचा उपाय: स्वस्त, पण जपून

मशीनचा ड्रेन पाइप मोरीत किंवा बाल्कनीत मोकळा सोडलेला असेल, तर त्याच्या तोंडाला बायकांचा पातळ नायलॉनचा लांब मोजा लावता येतो. ४५ ते ६० सेंटीमीटर तुकडा घ्या, एक टोक गाठ मारून बंद करा, दुसरं पाइपवर ५ सेंटीमीटर चढवून प्लास्टिकच्या केबल टायने आवळा. मोजा पुरेसा लांब आणि लोंबता हवा. तोंडावर ताणून बांधला तर पाणी जायला तेवढीच चकती उरते, ती दोन धुण्यांत बुजते आणि मशीन पाणी निघत नसल्याचा एरर दाखवून थांबतं.

मच्छरदाणीचं कापड यासाठी चालत नाही, त्याची भोकं एक मिलिमीटरच्या वर असतात, बोळे अडतात आणि तंतू निसटतात. बाजारात मिळणारी लोखंडी तारेची जाळी गंजते आणि तिच्यात अडकलेली लव काढताना बोटं सोलवटतात.

मोजा तीन ते सहा धुण्यांत भरतो. बदलायला विसरलात तर तो फाटतो किंवा निसटतो. म्हणून तो डोळ्यांसमोर राहील तिथेच लावा. नहाणी ट्रॅपच्या (मोरीच्या जाळीखालच्या भांड्याच्या) आत किंवा उभ्या पाइपात ढकललेला मोजा सुटला की थेट पाइपच्या वाकड्यात जाऊन बसतो, आणि मग प्लंबर येतो.

ड्रमचा फिल्टर: कायमचा उपाय

मशीनच्या बाहेर एक मोठा प्लास्टिकचा ड्रम ठेवायचा, त्यात कापडाची पिशवी लावलेली बादली टांगायची आणि मशीनचं पाणी तिच्यातून गाळून पुढे सोडायचं. चार-पाच माणसांच्या घरासाठी हाच आमच्या मते सर्वांत भरवशाचा. तो लव अडवतो, आणि शिवाय मशीनने एकदम फेकलेलं पाणी टँकमध्ये हळूहळू सोडतो.

सुरू करण्याआधी मशीनचा ड्रेन कसा आहे ते पाहा. फ्रंट लोड आणि काही टॉप लोड मशीनमध्ये ड्रेन पंप असतो, तो पाणी साधारण एक मीटर उंचीपर्यंत उचलतो. सेमी ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उताराने निघतं, आणि पाइप जमिनीवरच ठेवावा लागतो. मशीनच्या पुस्तिकेत पाइपची कमाल उंची लिहिलेली असते. पंप असेल तर ड्रम मशीनशेजारी उभा राहू शकतो. पंप नसेल तर ड्रम खालच्या पातळीवर हवा. घराचं जोतं दीड-दोन फूट उंच असेल तर पाइप भिंतीतून बाहेर काढून अंगणातल्या ६० × ६० × ६० सेंटीमीटरच्या विटांच्या चेंबरमध्ये सोडा. आतून प्लॅस्टर, वर लादी, आणि आत खाली सांगितलेलीच बादली टांगलेली. चेंबर उथळ असल्याने बादली अर्धी कापून घ्यावी लागेल.

सामान असं:

- २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम, पूर्ण उघडणाऱ्या झाकणाचा आणि पट्ट्याच्या क्लॅम्पचा. उंची साधारण ९० सेंटीमीटर. आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या, कीटकनाशकाचा ड्रम नको.
- रंगाची रिकामी २० लिटरची बादली, झाकणासह.
- १०० मेशचं नायलॉन फिल्टर कापड, १ मीटर × ६० सेंटीमीटर, आणि तळासाठी ३५ सेंटीमीटरचा चौकोन.
- २५ मिमीचा टँक निप्पल (ड्रमच्या भिंतीतून पाइप बाहेर काढायचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह, एक प्रत्येकी.
- ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप आणि एल्बो, ओव्हरफ्लोसाठी.
- ११० मिमी पीव्हीसी पाइपचा ३० सेंटीमीटर तुकडा, वर एंड कॅप.
- टेफ्लॉन टेप, पीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन, सिलिकॉन, नायलॉनचा दोरा, केबल टाय.

कापड घेताना मेश नीट सांगा. १०० मेश म्हणजे सुमारे १५० मायक्रॉनची भोकं. याहून बारीक, २०० मेशचं म्हणजे ७५ मायक्रॉनचं घेतलं तर जास्त लव अडेल हे खरं, पण साबणाच्या साक्याने ते एक-दोन धुण्यांत बुजतं आणि कंटाळून लोक पिशवीच काढून ठेवतात. कॅनडात पॅरी साउंड या गावी ९७ घरांच्या मशीनना जाळीचे फिल्टर बसवून पाहिले, तेव्हा गावाच्या सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू ठळकपणे घटले. तिथली जाळी सुमारे १०० मायक्रॉनची होती. घरी १०० ते १५० मायक्रॉनच्या मध्ये राहा. शिवायचं नसेल तर एमआयडीसी भागातल्या फिल्टरच्या दुकानात ७ इंच रुंद आणि १७ इंच लांब अशी ‘साइज वन’ची नायलॉन बॅग मिळते. तिचा आकार लहान, म्हणून ती लवकर भरते.

आता जोडणी.

१. बादलीच्या तळाला आणि बाजूंना १० ते १२ मिमीची शंभरेक भोकं पाडा. वरचे १० सेंटीमीटर कोरे सोडा. भोकांच्या कडा चाकूने साफ करा, नाहीतर पिशवी तिथेच फाटते.

२. ड्रमच्या झाकणात गोल कापा, बादलीच्या वरच्या कॉलरपेक्षा १० मिमी कमी व्यासाचं. बादली कॉलरवर टांगून राहिली पाहिजे. तिचा तळ ड्रमच्या तळापासून ५० सेंटीमीटरच्या आसपास वर येतो. ही खालची जागा पाणी साठायला लागते.

३. कापडाची नळकांडी पिशवी शिवा, दुहेरी शिवण, नायलॉनचाच दोरा. सुती दोरा दोन महिन्यांत कुजतो. पिशवी बादलीत घालून वरची कड बादलीच्या ओठावरून बाहेर उलटवा आणि सुतळीने किंवा लांब केबल टायने बांधा.

४. ड्रमच्या तळापासून ८ सेंटीमीटरवर भोक पाडून टँक निप्पल बसवा. दोन्ही बाजूंनी रबर वॉशर, आट्यांवर टेफ्लॉन. बाहेर बॉल व्हॉल्व्ह, त्यापुढे ३२ मिमीच्या पाइपने नेहमीच्या चेंबरकडे. उतार मीटरला २ सेंटीमीटर तरी द्या.

५. ड्रमच्या आत निप्पलसमोर ११० मिमीचा तुकडा उभा ठेवा, ५ मिमीची भोकं पाडलेला, बाहेरून मच्छरदाणीच्या दोन घड्या गुंडाळलेला. पिशवीतून काही निसटलं तर व्हॉल्व्हमध्ये अडकू नये म्हणून हा दुसरा पहारा.

६. ड्रमच्या बाजूला, बादलीच्या तळाच्या जरा वर, ६३ मिमीचा ओव्हरफ्लो काढा. हा चेंबरला जोडू नका. तो मोरीच्या फरशीवर, दिसेल असा उघडा सोडा आणि तोंडाला डास न येण्यासाठी जाळी लावा. तिथून पाणी आलं म्हणजे खालचा व्हॉल्व्ह तुंबला आहे हे लगेच कळतं. गुपचूप टँकमध्ये जाणारा ओव्हरफ्लो महिनोन् महिने कुणाला कळत नाही.

७. बादलीच्या झाकणाला ड्रेन पाइपच्या मापाचं भोक पाडा. पाइप १० ते १५ सेंटीमीटरच आत जाऊ द्या. तो पिशवीच्या तळापर्यंत ढकलला आणि पाण्यात बुडाला, तर सायफन होऊन मशीनमधलं पाणी धुणं चालू असतानाच ओढलं जातं, मशीन पुन्हा भरत बसतं आणि सायकल संपतच नाही. पाइप क्लॅम्पने पक्का करा, स्पिनच्या वेळी तो झटका देऊन बाहेर येतो.

८. एक धुणं चालवून व्हॉल्व्ह लावून घ्या. एका वेळी बाहेर पडलेलं पाणी १० ते १५ मिनिटांत ड्रममधून उतरलं पाहिजे. त्याहून जलद उतरलं तर टँकला धक्का बसतो. फार हळू उतरलं तर पुढच्या रिन्सचं पाणी येईपर्यंत ड्रम भरलेला राहतो आणि पिशवी बुडते. एकदा जमलं की व्हॉल्व्हच्या दांड्यावर मार्करने खूण करा, घरातलं कुणीतरी तो बंद करतंच.

पिशवी बुजली तर पाणी बादलीच्या ओठावरून किंवा वरच्या कोऱ्या भागावरून बाहेर उसळतं. मशीन अडत नाही, पण लव न गाळता ड्रममध्ये जाते. बादली उचलून बाहेरची बाजू पाहा. बाहेरून करडे ओघळ दिसले तर साफ करायला उशीर झाला आहे.

ठिबक सिंचनाचा जाळीचा फिल्टर का नको, असा प्रश्न हमखास येतो. तालुक्याच्या कृषी दुकानात तो सहज मिळतो, २ इंची, १२० मेश. पाणी त्यातून छान जातं, पण फक्त पहिल्या दिवशी. तो मोटरच्या दाबावर चालायला बनवलेला असतो, आणि वॉशिंग मशीनच्या पंपाकडे जेमतेम मीटरभर उंचीचा जोर असतो. लव जाळीच्या भोकांत विणल्यासारखी बसली की पाणी तुंबतं, आणि बंद फिल्टरमध्ये आत काय चाललंय ते दिसत नाही. शेतात कंट्रोल हेडला बसवलेला तोच फिल्टर उत्तम काम करतो, इथे नाही. आरओच्या फिल्टरच्या हाउसिंगचं तर नावच नको, त्याची तोंडं पाव इंची असतात.

पिशवी साफ करताना

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पिशवी काढून बेसिनच्या नळाखाली उलटी धुतली की महिनाभर अडवलेली सगळी लव एका मिनिटात त्याच टँकमध्ये जाते.

त्यामुळे पिशवी ओलीच धुऊ नका. आठवड्याला एकदा, चार-पाच धुण्यांनंतर, ती दुसऱ्या पिशवीने बदला आणि पहिली उन्हात वाळत घाला. पूर्ण वाळल्यावर ती उलटी करून दोन तळव्यांमध्ये चोळा. करडा-निळा थर कडेने सुटायला लागतो आणि मग एका ओढीत तळहाताएवढा तुकडा पापुद्र्यासारखा निघून येतो. उरलेली भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. दोन पिशव्या शिवलेल्या असल्या की वाळण्याची घाई राहत नाही. पावसाळ्यात पिशवी आडोशाला टांगा. अर्धवट ओली लव बोटांना चिकटते, निघत नाही.

निघालेली लव सुक्या कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये घालू नका, पॉलिस्टर मातीत तसंच राहतं. जाळू नका. संडासात तर मुळीच नको.

दोन-तीन महिन्यांनी पिशवी वाळवून झाडल्यावरही पाणी हळू जात असेल तर साबणाचा साका बसलेला आहे. बादलीभर कोमट पाण्यात कपभर व्हिनेगर घालून पिशवी रात्रभर भिजवा आणि ते पाणी झाडाच्या आळ्यापासून दूर, जमिनीवर ओता. ब्लीचमध्ये बुडवू नका, नायलॉन कमजोर होतं. ड्रमच्या तळाशी बसलेला गाळ सहा महिन्यांतून एकदा मगाने काढा. तो काळा आणि वासाचा असला तर व्हॉल्व्ह फार आवळलेला आहे, पाणी साचून सडतंय.

टँकच्या बाजूने

आउटलेटचा टी शाबूत आहे का ते टँक उपसताना पाहून घ्या. त्याचं खालचं तोंड पाण्याच्या पातळीखाली, खोलीच्या साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के जायला हवं. जुन्या टँकमध्ये सिमेंटचा टी तुटून गळून पडलेला असतो, मग वरचा तरंगता साकाच सरळ खड्ड्यात वाहतो, त्यात लवही आली. बदलताना ११० मिमीचा पीव्हीसी टी बसवा.

टी च्या तोंडाला बारीक जाळी बांधण्याचा मोह आवरा. ती बुजते, टँकमधलं पाणी चढतं, आणि पहिली खूण मिळते ती संडासाच्या भांड्यात. टँकनंतर गाळणी हवीच असेल तर वेगळं चेंबर बांधून खालून वर पाणी चढणारा खडीचा फिल्टर करतात, आयएस २४७० च्या दुसऱ्या भागात त्याचा समावेश आहे. ते काम अनुभवी माणसाकडून करून घ्या.

टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसा, शोषून घेणाऱ्या गाडीनेच. माणूस आत उतरवू नका, तो तयार असला तरी. संरक्षक साधनांशिवाय असं काम करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या टँकमध्ये माणसं खरोखर मरतात. गाडीवाल्याला उपसण्याआधी लांब बांबूने वरचा साका फोडून ढवळायला सांगा. लवेचा थर घट्ट असला की गाडीचा पाइप फक्त खालचं पाणी ओढतो आणि थर तसाच खाली बसतो. तळाशी थोडा गाळ राहिला तर हरकत नाही, त्यातून जिवाणू पुन्हा वाढतात.

खड्डा आधीच बुजत आला असेल तर

जुलैत खड्डा भरलेला दिसणं कोकणात स्वाभाविक आहे, जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीतही तीच अवस्था असेल तर खड्ड्याच्या भिंती बुजल्या आहेत. आधी धुण्याचं पाणी त्या लाइनवरून पूर्ण तोडा आणि टँक उपसून घ्या. मग जुन्या खड्ड्याला विश्रांती मिळेल अशी सोय करा. जागा असेल तर दुसरा खड्डा खणा, आणि मधल्या चेंबरमध्ये दोन्हीकडे जाणारे पाइप घेऊन एकाला एंड कॅप लावा. सहा महिने ते वर्षभर कोरडा राहिलेल्या खड्ड्यात जिवाणूंचा चिकट थर वाळून, कुजून जातो आणि सुती लवही बरीच विरते. पॉलिस्टरचं अस्तर तेवढं उरतं. खड्डा दगडांनी भरलेला नसून विटांच्या जाळीच्या भिंतीचा असेल, तर उन्हाळ्यात झाकण काढून वरून लांब दांड्याच्या पंजाने ते खरवडून ओढता येतं. दगड भरलेल्या खड्ड्यात दगड काढावे लागतात, आणि ते धुऊन पुन्हा भरण्यापेक्षा नव्या जागी खणणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.